चाकांवरचे बिऱ्हाड : कौटुंबिक प्रवासाचे नियोजन आणि गावाचा वाटा

मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमारास कोल्हापूर शहर व परिसरातील हजारो भाविक सौंदत्तीच्या श्री रेणुकादेवीच्या दर्शनास जातात. हे अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. पूर्वी हा प्रवास बैलगाड्यांनी होत असे. पुढे गल्लीतील कुटुंबांनी एकत्र येऊन एस.टी.ची गाडी ठरविण्याची पद्धत रूढ झाली. गाडी डोंगरावर पोहोचली की ती प्रवाशांबरोबर मुक्कामास थांबते. या थांबण्याबद्दल महामंडळ जी रक्कम आकारते तिला 'खोळंबा आकार' म्हणतात आणि तीत सवलत मिळावी म्हणून भक्त संघटना यात्रेपूर्वी पाठपुरावा करीत असतात. तंबू, पाण्याचे पिंप, शिधा, अंथरूण-पांघरूण आणि घरातील लहानथोर मंडळी असे सारे बिऱ्हाड चाकांवर चढविण्याची ही रीत कोल्हापूरकरांना नवी नाही.

आज याच रीतीला एक नवे साधन उपलब्ध झाले आहे. झोपण्याची जागा, छोटे स्वयंपाकघर, पाण्याची टाकी व स्वच्छतागृह यांनी युक्त असलेल्या वाहनास कॅराव्हॅन किंवा कॅम्पर म्हणतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारले. जेथे कायमस्वरूपी बांधकाम करणे शक्य नाही किंवा इष्ट नाही, अशा निसर्गरम्य स्थळीही पर्यटकांची राहण्याची सोय व्हावी, हा या धोरणामागील एक प्रमुख विचार होय. कॅराव्हॅन आणि त्या उभ्या करण्याची कॅराव्हॅन उद्याने या दोहोंच्या नोंदणीची तरतूद त्यात आहे. केरळ राज्यानेही त्याच वर्षी असे धोरण जाहीर केले.

साधन नवे असले तरी अशा प्रवासाच्या यशाचे गमक जुनेच आहे. मोटारीने फिरणारा प्रवासी आधी रस्ता ठरवितो आणि रात्र पडली की निवारा शोधतो. बिऱ्हाड घेऊन निघणाऱ्याला हा क्रम उलटा करावा लागतो. त्याने मुक्काम आधी ठरवावयाचे आणि रस्ता त्यांना जोडून घ्यावयाचा. हे का, हे या लेखात पाहावयाचे आहे. त्याचबरोबर मुक्कामाच्या गावाने काय सिद्धता ठेवावी, याचाही विचार करावयाचा आहे. कारण मुक्काम प्रवाशाचा असला तरी त्याचे बरेवाईट परिणाम गावाच्या वाट्याला येतात.

परंपरेतील धडा

आषाढी वारीचे उदाहरण सर्वपरिचित आहे. आळंदी ते पंढरपूर ही सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट पालखी सोहळा जवळपास तीन आठवड्यांत चालतो. दर दिवसाचा विसावा कोठे आणि मुक्काम कोठे, याचे वेळापत्रक आधीच प्रसिद्ध झालेले असते. दिंडीचा ट्रक सामान घेऊन पुढे जातो, पाण्याचा टँकर येतो आणि वारकरी पोहोचण्यापूर्वी तंबू उभे राहून चुली पेटलेल्या असतात. एवढा मोठा समुदाय सुखरूप पुढे सरकतो तो या आखणीच्या बळावर.

पाश्चात्त्य देशांतील अनुभवही याहून फारसा भिन्न नाही. डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त नौदल शल्यचिकित्सकाने इंग्लंडमध्ये १८८५ साली घोड्यांनी ओढावयाची 'वॉन्डरर' नावाची निवासगाडी बनवून घेतली आणि तीतून थेट स्कॉटलंडपर्यंत प्रवास केला. त्याचा सेवक तीनचाकी सायकलवरून पुढे जाऊन रस्त्याची खबर घेत असे. दिंडीचा पुढे गेलेला ट्रक आणि हा सायकलस्वार यांचे काम एकच : पुढचा मुक्काम व वाट निर्धोक आहे याची आधी खात्री करणे. आज हे काम दूरध्वनीवरून करता येते. ते टाळण्यास मात्र काहीच सबब उरलेली नाही.

वाहन आणि कायदा

प्रथमच प्रवास करणाऱ्या कुटुंबाने वाहन भाड्याने घ्यावे, हे श्रेयस्कर. वाहनाची नोंदणी, योग्यता प्रमाणपत्र व विमा यांची मुदत पाहावी. कर्नाटक किंवा गोव्यात जावयाचे असल्यास त्या राज्यात वाहनाचा परवाना वैध आहे किंवा नाही, याची खातरजमा करावी.

काही हौशी मंडळी जुना टेम्पो किंवा मिनीबस घेऊन गॅरेजमध्ये तिचे निवासवाहन करून घेतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ अन्वये वाहनाच्या मूळ रचनेत परस्पर बदल करण्यास मनाई आहे. असा बदल करावयाचा असल्यास प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे आधी चौकशी करून रीतसर मान्यता घ्यावी. अनधिकृत बदल केलेल्या वाहनास अपघात झाल्यास विम्याचा दावा अडचणीत येतो.

वाहन कोणी चालवावे, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. एकूण वजन ७,५०० किलोग्रॅमपर्यंत असलेले वाहन हलक्या वाहनांत मोडते. हलक्या वाहनाच्या अनुज्ञप्तीवर त्या मर्यादेतील परिवहन वाहनही चालविता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला आहे. परंतु कायद्याने मुभा असणे वेगळे आणि सवय असणे वेगळे. मोटारीपेक्षा हे वाहन लांब, उंच व जड असते. वळताना त्याची मागची चाके आतल्या बाजूने कापत जातात. गावाच्या वेशीवरील स्वागत कमान, रस्त्यावर ओणवलेली वडाची फांदी आणि आठवडी बाजाराचा दिवस या तिन्ही गोष्टी अशा वाहनास अडवू शकतात. वाहनाची उंची व रुंदी एका चिठ्ठीवर लिहून ती चालकासमोर लावून ठेवावी.

वाहन चालू असताना प्रत्येकाने आसनावर, पट्टा बांधून बसावे. मागे अंथरूण आहे म्हणून धावत्या गाडीत मुलांना झोपविणे किंवा चहा करणे जिवावर बेतू शकते. निघण्यापूर्वी गॅस सिलिंडरची झडप बंद करावी. रात्री दारे-खिडक्या लावून आत शेगडी किंवा जनित्र कदापि चालू ठेवू नये. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्यास वासही नसतो आणि झोपेतच त्याची बाधा होते.

दिवसाची मर्यादा

नकाशावरचे अंतर आणि कुटुंबाला झेपणारे अंतर यांत फरक असतो. सपाट रस्त्यावर दिवसाला दीडशे ते दोनशे किलोमीटर आणि घाटाच्या दिवशी शंभर किलोमीटर एवढीच मर्यादा ठरवावी. सकाळी सातच्या सुमारास निघावे, दर दोन तासांनी थांबावे आणि दुपारी चारपर्यंत मुक्काम गाठावा. वाहन समतल जागी उभे करणे, पाणी भरणे, परिसर पाहून घेणे आणि स्वयंपाक या कामांना उजेडाचे दोन तास लागतात.

सायंकाळनंतर न चालविण्याच्या नियमामागे दुःखद अनुभव आहेत. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री गणपतीपुळ्याहून कोल्हापूरकडे येणारी एक मिनीबस शहराच्या प्रवेशद्वारी असलेल्या शिवाजी पुलावरून पंचगंगेत कोसळली आणि १३ जणांचा मृत्यू झाला. देवदर्शन आटोपून परतणारी ती कुटुंबातील माणसे होती आणि त्यांत लहान मुलेही होती. कोणत्याही एका अपघाताच्या कारणांची मीमांसा करणे हा येथे उद्देश नाही. परंतु दिवसभराच्या प्रवासानंतर, रात्री उशिरा, अनोळखी रस्त्यावर केलेला शेवटचा टप्पा सर्वाधिक जोखमीचा असतो, हे प्रत्येक कुटुंबाने ध्यानात घ्यावे. आखणी करताना 'आज रात्रीपर्यंत पोहोचूच' हे वाक्य कोणाच्या तोंडी आले, तर आराखड्यात एक मुक्काम कमी पडतो आहे, असे समजावे.

कोल्हापूर, सांगली व सीमाभागात याला आणखी एक स्थानिक कारण आहे. प्रवासास उत्तम असा नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ साखर कारखान्यांच्या गळीत हंगामाचाही असतो. उसाने भरलेल्या ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या आणि बैलगाड्या रात्रभर रस्त्यावर असतात. अनेकदा त्यांच्या मागे दिवा किंवा परावर्तक नसतो आणि बाहेर आलेली उसाची टोके अंधारात दिसत नाहीत.

घाट आणि ऋतू

कोल्हापुरातून कोकणात उतरण्यास आंबा, अणुस्कुरा, भुईबावडा, करूळ, फोंडा व आंबोली असे घाट आहेत. काही थोड्या किलोमीटरांत सुमारे पाच-सहाशे मीटरचा उतार उतरावा लागतो. पाणी, सामान आणि माणसे यांनी भरलेल्या वाहनाचे ब्रेक सतत दाबून ठेवल्यास तापतात आणि निकामी होऊ शकतात. जो चढ ज्या गिअरमध्ये चढावा लागला असता, तो उतार त्याच गिअरमध्ये उतरावा, हा चालकांचा जुना नियम येथे तंतोतंत पाळावा. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे म्हणजे इंजिनाचा आधार आपणहून तोडणे होय. जड सामान खाली व मध्यभागी ठेवावे. टपावर ओझे लादू नये. घाट नेहमी सकाळी उतरावा. धुके असल्यास ते विरेपर्यंत थांबावे.

जून ते सप्टेंबर या काळात हा प्रवास टाळावा. गगनबावडा, राधानगरी, आंबोली या पट्ट्यात पाऊस अतिशय होतो आणि दरडी कोसळतात. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूर राष्ट्रीय महामार्गावरच पाणी येऊन वाहतूक बंद पडली होती. पावसाळ्याबाहेरही घाट खुला आहे हे गृहीत धरू नये. २०२४ मध्ये करूळ घाट रस्त्याच्या कामासाठी दीर्घकाळ बंद होता. निघण्याच्या आदल्या दिवशी चौकशी करावी आणि पर्यायी घाट आराखड्यात लिहून ठेवावा. मे महिन्यात मुलांना सुटी असते; परंतु पत्र्याचे वाहन उन्हात अतिशय तापते. कोकणच्या किनारी दिवाळीची किंवा नाताळची सुटी अधिक सोयीची.

पाण्याचा हिशेब

बिऱ्हाडगाडीची खरी मर्यादा डिझेलने ठरत नाही. ती पाण्याने ठरते. पिणे व स्वयंपाक यांसाठी माणशी सात-आठ लिटर आणि स्नान, तोंड धुणे, भांडी यांसाठी काटकसरीने पंधरा लिटर धरले, तर माणशी सुमारे २३ लिटर लागतात. पाच माणसांच्या कुटुंबास दिवसाला ११५ लिटर झाले. एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम. म्हणजे दोन दिवसांचे पाणी बरोबर घ्यावयाचे तर २३० किलोग्रॅम वजन वाढते. तीन-चार मोठ्या माणसांइतके हे वजन घेऊन घाट उतरावयाचा असतो. यास्तव पाणी एका दिवसापुरते घ्यावे आणि प्रत्येक मुक्कामी ते पुन्हा भरता येईल, अशी व्यवस्था आधी करावी. मुक्काम आधी का ठरवावयाचे, याचे सर्वांत ठोस उत्तर या हिशेबात आहे.

हिशेबाची दुसरी बाजू बहुधा विसरली जाते. पिण्याचे थोडे पाणी सोडल्यास, जेवढे पाणी गाडीत चढते तेवढे सांडपाणी होऊन उतरते. शिवाय स्वच्छतागृहाच्या पेटीतील मैला वेगळा. हे कोठे रिकामे करावयाचे, याचे उत्तर आराखड्यात नसेल तर ते ओढ्यात, नाल्यात किंवा समुद्रकिनारी रिकामे होते. पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेलेला आपण पाहिला आहे. त्या अनुभवानंतर तरी पर्यटनाच्या नावाने नव्या गावांच्या पाणवठ्यांवर हा भार टाकणे क्षम्य ठरणार नाही.

एक नमुना आराखडा

पुढील आराखडा पाच दिवसांचा व सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा आहे. अंतरे स्थूलमानाने दिली आहेत.

पहिला दिवस : कोल्हापूर ते राधानगरी, ५५ किलोमीटर. पहिल्या दिवशी अंतर मुद्दाम कमी ठेवले आहे, कारण वाहनातील उणिवा याच दिवशी कळतात आणि घर अजून जवळ असते. राजर्षी शाहू महाराजांच्या दूरदृष्टीतून साकारलेले राधानगरी धरण मुलांना दाखवावे. पुढील अभयारण्य गव्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे वनविभागाच्या परवानगीशिवाय वाहन मुक्कामास उभे करू नये.

दुसरा दिवस : सकाळी दाजीपूरमार्गे फोंडा घाट उतरून कणकवलीवरून मालवण, सुमारे १०० किलोमीटर.

तिसरा दिवस : मालवण येथेच मुक्काम. वाहन जागेवर ठेवून होडीने सिंधुदुर्ग किल्ला पाहावा. चालकास पूर्ण विश्रांती मिळावी, हा या दिवसाचा हेतू आहे.

चौथा दिवस : कुडाळमार्गे सावंतवाडी, सुमारे ६० किलोमीटर. येथील लाकडी खेळण्यांची कला प्रसिद्ध आहे. दुसऱ्या दिवशीच्या घाटासाठी टायरमधील हवा, ब्रेक व इंजिनातील पाणी तपासावे.

पाचवा दिवस : सकाळी आंबोली घाट चढून आजरा, गडहिंग्लजमार्गे कोल्हापूर, सुमारे १४० किलोमीटर. घाट असूनही शंभराची मर्यादा येथे ओलांडली आहे, कारण घाटाचा भाग सकाळीच संपतो आणि पुढील रस्ता सोपा आहे. तरीही विलंब झाल्यास गडहिंग्लजला थांबण्याची तयारी ठेवावी.

प्रत्येक मुक्कामापुढे चार गोष्टी लिहाव्यात : जागेची परवानगी कोणाची, पाणी कोठे, सांडपाणी व मैला कोठे, आणि जवळचा दवाखाना कोणता. ही चार उत्तरे मिळाली नाहीत तर तो मुक्काम आराखड्यातून काढून टाकावा. कोल्हापूरहून वेरूळ-अजिंठ्यासारखा अधिक लांबचा प्रवास करावयाचा असेल, तर हीच पद्धत वापरून जाताना तीन व येताना तीन दिवस धरावेत. अंतर वाढले की मुक्काम वाढवावेत. दिवसाची मजल वाढवू नये.

पंचायतीचा वाटा

कॅराव्हॅन उद्यान उभारणे हे प्रत्येक ग्रामपंचायतीस शक्य नाही आणि तशी आवश्यकताही नाही. राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणामुळे अनेक शेतकऱ्यांनी मुक्कामाच्या सोयी केल्या आहेत. त्यांच्या आवारातही दोन-तीन वाहने थांबू शकतात. यात्रेच्या गावी तळाची मोकळी जागा वर्षातील बहुतेक दिवस रिकामी असते. अशा जागेवर थोडक्या खर्चात पुढील सोयी करता येतील.

एक, पाण्याचा निचरा होणारी, मुरूम टाकलेली समतल जागा. दोन, मीटर बसविलेला स्वतंत्र नळ. टंचाईच्या काळात किती पाणी द्यावयाचे याची मर्यादा ग्रामसभेने आधीच ठरवावी. तीन, वाहनास जोडण्यासाठी सुरक्षित वीजजोडणी व एक दिवा. चार, सांडपाण्यासाठी शोषखड्डा. तो विहिरीपासून पंधरा मीटरांहून अधिक दूर असावा. पाच, वाहनांची नोंदवही आणि ग्रामसभेत चर्चा करून नियमांच्या चौकटीत ठरविलेले शुल्क.

मैल्याच्या बाबतीत विशेष दक्षता हवी. आपल्या खेड्यांतील दोन खड्ड्यांचे शौचालय एका कुटुंबाच्या वापरासाठी असते. त्यात वाहनाची पेटी एकदम रिकामी केल्यास खड्डा भरून पाझर वाढतो. अशा पेट्यांत दुर्गंधी रोखण्यासाठी फॉर्मलिनसारखी रसायने टाकलेली असल्यास मैला कुजविणारे जिवाणू मरतात व सेप्टिक टाकीचे काम बिघडते. म्हणून ज्या गावी स्वतंत्र, पुरेशी मोठी टाकी आणि ती उपसण्याची व्यवस्था नाही, त्या गावाने 'येथे पेटी रिकामी करता येणार नाही' असा स्पष्ट फलक लावावा. त्यात पाहुणचारास उणेपणा येत नाही. मोघम होकारापेक्षा असा स्पष्ट नकार प्रवाशाच्याही सोयीचा असतो, कारण तो पुढची व्यवस्था वेळेत करू शकतो.

शाळेचे मैदान सुटीत मागितले जाते. अशा वेळी मुख्याध्यापकांनी एकट्याच्या जबाबदारीवर होकार देऊ नये. शाळा व्यवस्थापन समिती व ग्रामपंचायत यांची संमती घ्यावी. शिक्षकांना या विषयाचा वर्गातही उपयोग करता येईल. जिल्ह्याचा नकाशा देऊन विद्यार्थ्यांकडून पाच दिवसांचा आराखडा करून घ्यावा. अंतर, उंची, पाण्याचा हिशेब आणि खर्च यांतून भूगोल व गणित यांची सांगड सहज बसेल. घरी प्रवासाची बोलणी सुरू झाली की 'पाणी कोठे उतरवायचे?' हा प्रश्न त्या वर्गातील मुले आपणहून विचारतील.

समारोप

गाव पाहावयास येणारे कुटुंब आपल्याबरोबर खरेदीचा पैसा आणते. त्याचबरोबर तहान, कचरा व सांडपाणीही आणते. पहिल्याचा लाभ घ्यावयाचा आणि दुसऱ्याची व्यवस्था दैवावर सोडावयाची, असे चालणार नाही. प्रवाशाने चार प्रश्नांची उत्तरे घेऊन घर सोडावे आणि गावाने ती उत्तरे खरी व स्पष्ट द्यावीत, एवढे झाले तरी पुष्कळ साधेल. येत्या गळीत हंगामापूर्वी, म्हणजे दिवाळीची सुटी लागण्याआधी होणाऱ्या ग्रामसभेत आपल्या गावच्या मोकळ्या जागेचा, पाण्याचा व सांडपाण्याचा विचार एकदा जरूर व्हावा. पहिली गाडी वेशीशी येऊन उभी राहील, तेव्हा गावाचे उत्तर तयार असले पाहिजे.